गंजाचं विचारलं

हाडांच्या डॉक्टरांच्या दाराबाहेर शिंपीणबाई आपला दुखरा खुबा सांभाळत बसल्या होत्या. नवा सांधा बसवायचा होता. तो किती वर्षं टिकेल, एवढं एकच विचारायचं, हे त्यांनी घरून घोकून आणलं होतं. शेजारच्या बाकावर नणंद-भावजय बोलत होत्या.

“वहिनी, दादाचा खुबा टायटॅनियमचा ना? मग पुन्हा का फाडायचं?”

“झिजला, वन्सं. आतला गोळा घासून घासून गेला. सुईनं पाणी काढलं, तर शाईसारखं काळं निघालं.”

“अहो, पण गंजत नाही म्हणाले होते!”

“गंजला कुठे? यांनी जन्मभर लोखंडी फाटकं रंगवली, म्हणून गंजाचं तेवढं दहादा विचारलं. झिजेचं विचारायचं आम्हाला सुचलंच नाही.”

“मग आता तरी विचारलंत का, नवा किती टिकेल?”

“विचारलं की. मागे वीस वर्षं म्हणाले होते. या खेपेला आकडाच नाही. यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, ‘आजोबा, तुम्हाला पुरेल.’”

“चांगलंच की मग!”

“मीही यांना तेच म्हटलं. तर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. कालपासून घास नाही पोटात.”

आतून शिंपीणबाईंना हाक आली. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडापुढे धरला, सगळं नीट समजावलं आणि शेवटी म्हणाले, “काही विचारायचंय, आजी?”

“हो,” शिंपीणबाई म्हणाल्या. “गंजत नाही ना ते?”