साध्या कचऱ्यातली सुई

सम्मेद जनावरांच्या रोगांवरच्या प्रयोगशाळेत संशोधक होता. दरवर्षीच्या रक्ततपासणीसाठी तो साताऱ्याच्या दवाखान्यात बसला होता. पुढच्या बाकावर, त्याच्याकडे पाठ करून, प्रयोगशाळेची झाडलोट करणारी राहीबाई धाकट्या बहिणीशी बोलत होती.

“आक्का, ताप कवापासनं हाय?”

“धा दिस झालं. कचरा भरताना सुई टोचली. जंतूंची हुती म्हनं.”

“तसली सुई साध्या कचऱ्यात कुनी टाकली?”

“कुनी न्हाई गं. माझंच ध्यान न्हवतं. तसं लिवून बी दिलं मी.”

“सुयांना येगळा डबा हाय न्हवं तिथं?”

“हाय की. पन साहेब लोक लय शिकल्यालं. ती कशाला असं करत्याल?”

ती सुई वापरली त्या दिवशी सम्मेदला सांगलीची गाडी गाठायची होती, आणि डबा खोलीच्या दुसऱ्या टोकाला होता. आता तो उठला आणि राहीबाईपुढे जाऊन उभा राहिला.

“राहीबाई, ती सुई मी टाकली होती. आज तसं लिहून देतो.”

राहीबाई बाक धरून धडपडत उठू लागली.

“आवं साहेब, तुमी हितं? तुमाला बी टोचली का काय?”

बहिणीनं तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

“तू बस, आक्का. त्येंस्नी ऱ्हाऊ दे हुबं.”