सोनाली कुणापाशी राहील

(लोहाऱ्याजवळचं शेत. पुरानंतर वाकडे पत्रे ठोकून पुन्हा उभं केलेलं सालगडी हणमंतप्पा आणि त्याची बायको रुद्रम्मा यांचं खोपट. दुपारची वेळ.)

अण्णाराव : …म्हणून म्हटलं, दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा आपणच येऊन सांगावं. गुढीपाडव्यापर्यंत ठेवायचा शब्द दिला होता मी तुला, हणमंता. पण वावरात राहिलंय काय? सोयाबीन कुजलं, काळी माती ओढ्यानं नेली. या मुरमात तुला काम तरी काय सांगू?

हणमंतप्पा : व्हय मालक. दिसतंय की.

अण्णाराव : बैलही विकले. मंगळवारी न्यायला येतील. मुरूम गावचा शेतकरी आहे, कामालाच नेतोय.

हणमंतप्पा : मग बरं हाय. त्यांला सांगा, तांबडा डाव्या अंगालाच जुंपा. न्हायतर अडून बसतो.

रुद्रम्मा : झालं का बैलांचं समदं सांगून?

हणमंतप्पा : रुद्रम्मा, गप बस.

रुद्रम्मा : पूर आल्यापासनं गपच हाय म्या. मालक, त्या पहाटं ह्यांनी आदी कुणाला सोडवलं, ठाव हाय?

अण्णाराव : बैलांना. गावभर सांगतो मी, हणमंता होता म्हणून माझी जोडी वाचली.

रुद्रम्मा : आन आमी कुठं हुतो, ते बी सांगता का? म्या सोनालीला खांद्यावर घिऊन लिंबाला धरून उभी. सासूबाई आत बाजेवर. पानी बाजेला लागलं तवा म्या हाका मारल्या. हे म्हणले, थांब, बैलं सोडून आलो. आले तवर म्हातारी गळ्याएवढ्या पान्यात. तिला जी हुडहुडी भरली ती उतरलीच न्हाय.

अण्णाराव : दवाखान्यात तर न्यूमोनिया म्हणाले होते.

रुद्रम्मा : ते आजाराचं नाव झालं, मालक.

अण्णाराव : हणमंता, हे खरं आहे?

हणमंतप्पा : खरं हाय.

अण्णाराव : अरे, बैल गेले असते तर गेले असते! घरात आई असताना…

हणमंतप्पा : आईनंच धाडलं मला.

रुद्रम्मा : काय म्हणला?

हणमंतप्पा : तू पोरीला घिऊन भाईर गेल्तीस तवा. म्या उचलाया गेलो, तर तिनं हात झिडकारला. म्हणली, आदी बैलं सोड. बैलं गेली तर पाडव्याला आपल्याला कोन ठिवून घील?

रुद्रम्मा : आन हे आज सांगता? म्या इतके दिस तुमाला मनात काय काय बोलले. तुमच्या ताटात भाकर टाकताना सुदीक बोलले.

हणमंतप्पा : मला बोललीस ते बरं झालं. ती गेलेली. तिला कशाला बोल लावू द्यायचा?

अण्णाराव : माझ्या बैलांपायी झालं हे, हणमंता.

हणमंतप्पा : तुमी नका काय बोलू. तुमचं बी वावर गेलंच की.

अण्णाराव : आता जाणार कुठं?

हणमंतप्पा : ऊसतोडीला. मुकादमाला हो म्हणलोय. दिवाळी झाली की टोळी निघती, पार सांगलीकडं.

अण्णाराव : आणि सोनालीची शाळा?

हणमंतप्पा : येईल संगं. उसाच्या फडावर असत्यात की पोरं.

अण्णाराव : तिला माझ्याकडं ठेवा. घरात सकाळीच बोललोय मी.

रुद्रम्मा : भांडी घासाया?

अण्णाराव : शाळेत जायला, रुद्रम्मा. आमच्या मुलीबरोबर, शिवांजलीबरोबर जाईल-येईल. तिच्याच खोलीत झोपेल.

रुद्रम्मा : माज्या बहिणीला बी असंच ठिवलं हुतं एकांच्यात. शाळंच्या आदी झाडलोट, आल्यावर शेणघाण. शाळा सुटली, झाडू ऱ्हायला.

अण्णाराव : मी शब्द देतो तुला.

रुद्रम्मा : पाडव्याचा बी तुमीच दिल्ता.

अण्णाराव : हो. मीच दिला होता.

हणमंतप्पा : रुद्रम्मा, ऐक. फडावर ऱ्हायाला पाचटाची कोपी. खाली वल्ली जमीन, वर थंडी. पूर वसरल्यापासनं पोरगी अजून खोकती. आई गेली. आता हिला बी गारठ्यात निजवायचं व्हय?

रुद्रम्मा : तिला इचारलंय कुणी?

हणमंतप्पा : काल म्या इचारलं, फडावर येतीस का शाळंसाटी गावात कुणापाशी ऱ्हातीस. म्हणली, आई म्हनंल तसं.

रुद्रम्मा : म्हनंलच ती. कवाच हट्ट केला न्हाय पोरीनं.

अण्णाराव : घाई नाही. दिवाळीपर्यंत विचार कर. तू नको म्हणालीस तर मी पुन्हा विषय काढणार नाही.

रुद्रम्मा : इचार काय करायचा, मालक. दुसरं हाय काय हातात? दर आयतवारी फोनवर बोलू द्या. आन ती रडली तर रडली म्हणून सांगा, झाकू नका.

अण्णाराव : सांगेन.

रुद्रम्मा : आन घरात वैनीला एक सांगा. पोरगी सोताहून काय मागायची न्हाय. भूक लागली का म्हणून इचारलं, तर पहिल्यांदा न्हायच म्हनंल.

अण्णाराव : मग?

रुद्रम्मा : दुसऱ्यांदा इचारा.