शेरा: जुगाराचे

बँकेत गृहकर्जाच्या टेबलासमोरच्या बाकावर माझ्या शेजारी एक बाई आणि तिचे म्हातारे वडील बसले होते. बाईच्या हातात कोरा कागद होता.

"बाबा, सहा महिन्यांत मी तुम्हाला सव्वीस वेळा पैसे पाठवले. दर वेळी शेऱ्यात गमतीनं 'जुगाराचे' असं लिहिलं. आता साहेब म्हणतात, लेखी खुलासा द्या, नाहीतर कर्ज नाही."

"मग खरं लिही. दर रविवारी आपण मोबाइलवर पत्ते खेळतो, तू हरतेस आणि मला चहापुरते पैसे पाठवतेस."

"हसू नका हो. घर हातचं जाईल."

"खरं लिहायचं तर पूर्ण लिही. मुद्दाम हरतेस, तेही."

"कोण म्हणतं?"

"हुकमाचा एक्का हातात असताना दुर्री टाकतेस. मी कामावरून दमून आलो की तुझी आईही असंच करायची. तू तिच्या मांडीवर बसून ओरडायचीस, आई, एक्का टाक ना!"

"आणि ती मला चिमटा काढायची."

"तिथंच शिकलीस."

"कळत होतं, तर बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर खेळ मोडला असता. तेव्हाचाही आणि आताचाही."

तिनं मान खाली घालून खुलासा लिहिला. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि शिक्का मारला.

"बाई, यापुढे शेऱ्यात 'वडिलांना' एवढंच लिहा."

वडील पुढे वाकले. "येत्या रविवारी पैसे मी पाठवणार आहे, साहेब. मी काय लिहू?"