अनंत पांढरीपांडे यांची सही

नाव निर्मला वसंत बोधनकर, वय ५२, काम विमा एजन्सीत नोकरी, राहणार अवधपुरी, भोपाळ, मूळ गाव नागपूर. मी स्वतः पोलीस थान्यात येऊन सांगते की, खालील जबाब मी माझ्या मर्जीने देत आहे. पंचवीस वर्षं भोपाळात काढली तरी माझी हिंदी भाजीवाल्यापुरतीच आहे, म्हणून बैतूलकडचे हवालदार सदाशिव पवार मराठीत लिहून घेत आहेत. मी बोलेन ते आणि तेवढंच लिहायचं, सुधारून लिहायचं नाही, असं मी त्यांना आधीच सांगितलं आहे.

नीळकंठराव दाभाडकर यांच्या एजन्सीत मी फॉर्मचं काम बघते. गिऱ्हाईक काय सांगतं ते ऐकायचं आणि त्याला लागणारा फॉर्म काढून द्यायचा. ऐकायला सोपं वाटतं. चुकीचा फॉर्म गेला तर कागद दोन-दोन महिने हिंडून परत येतात आणि शिव्या मला बसतात. आमचे विमेदार बहुतेक सगळे कारखान्याच्या टाउनशिपमधले. त्यांतले अर्धे मराठी, आणि घरोघरची माहिती मला त्यांच्या बायकांकडून मिळते.

अनंत पांढरीपांडे हे कारखान्यात टर्नर होते. सात वर्षांपूर्वी पहिली पाळी सुटल्यावर सायकल घेऊन ते गेटबाहेर पडले आणि घरी पोचले नाहीत. सायकल शाहपुऱ्याच्या तलावाकाठी मिळाली, नीट स्टँडवर लावलेली. तळ्यात माणसं उतरवली, काही हाती लागलं नाही. त्यांची बायको सुलभा क्वार्टरमध्येच राहिली, कारण कारखान्याच्या शाळेत ती शिकवते आणि क्वार्टर आता तिच्या नावावर आहे. विम्याचे हप्ते तिने एकदाही चुकवले नाहीत.

यंदा दिवाळीनंतर त्या पॉलिसीची मुदत संपली. आता इथे दोन फॉर्म येतात. एक मुदतपूर्तीचा, त्यावर विमेदार स्वतः सही करतो, म्हणजे तो जिवंत असावा लागतो. दुसरा मृत्यूदाव्याचा, त्यावर वारस सही करतो. बेपत्ता माणसासाठी हा दुसराच लागतो, पण आधी कोर्टाकडून माणूस मेला असं ठरवून घ्यावं लागतं. सात वर्षं झाली की कोर्ट तसं ठरवतं. अनंतरावांचे धाकटे भाऊ सुधाकर नेहरू नगरला राहतात. त्यांनी वकील गाठून कागद तयार केले होते, फक्त सुलभाची सही हवी होती. ती देत नव्हती.

नीळकंठराव मला म्हणाले, "निर्मलाबाई, तुम्ही जा. बाईमाणसाचं बाईमाणूस ऐकतं. मृत्यूदाव्याचा फॉर्म भरूनच आणा." मी म्हटलं, "ती ऐकणाऱ्यातली नाही." ते म्हणाले, "मग दोन्ही फॉर्म न्या. ती कुठला धरते बघा, म्हणजे तिच्या मनात काय आहे ते तरी कळेल." अशी गंमत त्यांना सुचते आणि निस्तरायला मी.

आता साक्षीदाराच्या सहीबद्दल. दोन्ही फॉर्मवर खाली "माझ्यासमोर सही केली" असं छापलेलं असतं आणि त्याखाली साक्षीदाराने सही करायची असते. आमच्या धंद्यात ही सही आधीच ठोकून ठेवायची पद्धत आहे, म्हणजे दुसरी चक्कर पडत नाही. भोपाळातला कुठलाही एजंट हेच करतो, उगाच कोणी साळसूदपणाचा आव आणू नये. त्या दिवशीही दुकानातून, म्हणजे एजन्सीतून, निघण्याआधी दोन्ही फॉर्मवर माझी सही झालेली होती.

मी दुपारी सुलभाच्या क्वार्टरवर गेले. ती बाहेरच्या खोलीत मटार सोलत बसली होती. तब्येतीने बरी, साडी धुवट, डोक्याला तेल. वेड लागलेली बाई अशी नसते. मी दोन्ही फॉर्म तिच्यापुढे ठेवले आणि म्हटलं, "सुलभा, कुठवर ओढशील? सुधाकर काही वैरी नाही तुझा. भावाचं काही करता येत नाही म्हणून तो झुरतोय." ती म्हणाली, "भावोजी चांगलेच आहेत, ताई. पण ते संध्याकाळचे येतात. दुपारी एकदा यायला हवं त्यांनी."

तेवढ्यात पाळी सुटल्याचा भोंगा झाला. सुलभाने उठून चहाचं आधण ठेवलं. मला वाटलं माझ्यासाठीच. थोड्या वेळाने फाटकाची कडी वाजली. सायकल स्टँडवर घेतल्याचा आवाज आला. मी खिडकीतून पाहिलं, अंगणात कोणी नव्हतं आणि सायकलही नव्हती. मागच्या मोरीत नळ सुटला आणि कोणीतरी हातपाय धुतल्यासारखं पाणी पडत राहिलं. मग घरात मशीनच्या तेलाचा वास आला, कारखान्यातून आलेल्या माणसाच्या कपड्यांना असतो तसा. सुलभाने तीन कप ओतले, एक मला दिला, एक स्वतःला ठेवला, एक आतल्या खोलीच्या पडद्यामागे ठेवून आली.

मग तिने मुदतपूर्तीचा फॉर्म उचलला. मृत्यूदाव्याच्या फॉर्मला तिने हातही लावला नाही. ती आत गेली नाही, हे नीट लिहावं. तिने पडद्यातून हात घालून दाराशेजारच्या टेबलावर फॉर्म ठेवला, "अहो, विम्याची सही राहिलीय," एवढंच म्हणाली आणि माझ्यासमोर येऊन मटार सोलू लागली. तिचे दोन्ही हात मला दिसत होते. आत खुर्ची सरकली. पेन कागदावरून गेल्याचा आवाज मी रोज ऐकते, तो मला ओळखू येतो. सुलभा शाळेतल्या कसल्याशा वार्षिक समारंभाबद्दल बोलत होती. मी हूं हूं करत होते.

ती म्हणाली, "जा ताई, झाली असेल. तुम्हीच आणा." मी उठले. आत एक खाट, एक टेबल, एक खुर्ची. खिडकीला गज. मागचं दार आतून कडी लावलेलं. कप रिकामा होता आणि तळाशी साखर उरली होती. फॉर्मवर अनंत पांढरीपांडे यांची सही होती. शाई ओली होती, माझ्या अंगठ्याला लागली. त्यांच्या सगळ्या जुन्या कागदांवरची सही मी हाताळलेली आहे, म्हणून सांगते, ही सही त्यांचीच आहे.

मी फॉर्म दुकानात आणून दिला आणि तिथून तो पुढे विमा कंपनीच्या कचेरीत गेला. कचेरीतून सुधाकरना कळलं. त्यांनी तक्रार केली. त्यांचं म्हणणं रास्त आहे, "भाऊ जिवंत असेल तर मला दाखवा, आणि नसेल तर त्याची सही कोण करतंय?" तक्रारीनंतर पोलिसांनी क्वार्टरची झडती घेतली. ती सकाळी घेतली. काही सापडलं नाही.

काल थानेदार साहेबांनी मला सुधाकरच्या समोर बसवून सांगितलं की, सही माझ्यासमोर झाली नाही असं मी लिहून दिलं तर सुलभावर खोट्या सहीचा गुन्हा लागेल आणि तिची नोकरी, क्वार्टर सगळं जाईल. ते टाळायचं असेल तर मी तिच्याकडून मृत्यूदाव्याचा फॉर्म भरून आणावा, म्हणजे तक्रार मागे घेतली जाईल. सुधाकर रडले. म्हणाले, "निर्मलाताई, वहिनीला तुरुंगात घालायची माझी इच्छा आहे का? मला दादाचं पाणी सोडायचंय हो. एवढं करा." त्यांच्यापुढे मला बोलवेना. आज जबाबात बोलते.

माझे पती वसंत तीन वर्षांपूर्वी हृदयविकाराने गेले. माझ्या डोळ्यांदेखत गेले, त्यात संशयाला जागा नाही. मला फॉर्म माहीत होते. कुठला लागतो हे कोणाला विचारावं लागलं नाही. घरात पाहुणे असतानाच मी तो भरला आणि नीळकंठरावांनी माझी पाठ थोपटली की, बाई खंबीर आहे. तेव्हापासून आमच्या घरात कसला आवाज नाही.

सुलभाकडून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले नाही. कारखान्याचा भोंगा आमच्या घरापर्यंत ऐकू येतो, तो झाल्यावर दोन कप चहा ओतला, एक आतल्या खोलीत ठेवला आणि बाहेर बसून राहिले. चहावर साय धरली. संध्याकाळी मी तो मोरीत ओतला. मला सुलभाचा हेवा वाटतो. हवालदार म्हणाले, "बाई, याची जबाबात जरूर नाही." मी म्हटलं, "जरूर आहे, लिहा."

म्हणून मी सांगते की, मृत्यूदाव्याचा फॉर्म मी सुलभाकडे नेणार नाही आणि दुसऱ्या कोणाला काढून देणार नाही. तिने त्यावर सही केली तर तिच्या घरचा नळ दुपारी वाजायचा बंद होईल, अशी माझी खात्री आहे. अनंत पांढरीपांडे जिवंत आहेत की नाहीत हे मला माहीत नाही आणि तसं मी म्हणत नाही. सुलभाने सही केलेली नाही. सही झाली तेव्हा मी त्या घरात बसले होते. माझी सही आधीची असली तरी खाली जे छापलं आहे ते खरं आहे. याची जी काही शिक्षा असेल ती मला व्हावी.

सुधाकरना एवढंच सांगावं की, एकदा दुपारी जा.

हा जबाब हवालदार पवारांनी मला वाचून दाखवला. हेव्याचं वाक्य त्यांनी गाळलं होतं, ते मी परत घालायला लावलं. आता मी सांगितलं तसं आहे.

सही : निर्मला वसंत बोधनकर
माझ्यासमोर : स. पवार, हवालदार