फ्रिजवरची गोधडी

वांकिडीच्या बसमध्ये लक्ष्मीबाईंचा सोमवारचा जप चालला होता. पण पुढच्या सीटवरची काठाच्या लुगड्यातली बाई शेजारणीला काही सांगू लागली, आणि लक्ष्मीबाईंच्या बोटांतला मणी पुढे सरकेना.

"भंगारवाल्याले सांगून ठेवलं होतं वो. सुनेच्या माहेरचा फ्रिज, पण दिवसरात घरघर. घडीभर थांबत नोता, अन् दूध तरी नासेच."

"मंग सून रुसली असन, सोनाबाई?"

"सपना? रुसते कायची! फ्रिज भिंतीपासून हातभर वढला अन् म्हणे, आत्याबाई, याले गोधडी काऊन पांघरली?"

"गोधडी! फ्रिजले?"

"मीच पांघरली होती ना, बाई. पाठीमागच्या जाळीवर धूळ बसू नये म्हणून. सपना म्हणे, आतली गरमी त्या जाळीतूनच बाहेर पडते. तुमी भर उन्हाळ्यात गोधडी घेऊन निजता का?"

"बोलली बा तोंडावर!"

"हासत बोलली वो. गोधडी काढली, जाळी ब्रशनं झाडली, दाराचं ढिलं रबर बदलून घेतलं. आता फ्रिज घडीभर चालते, घडीभर निजते. दूध बरफावानी गार, अन् करंटही कमी खाते. भंगारवाल्याले मीच वापस धाडलं."

"शाबासकी देली का मंग सुनेले?"

"तोंडावर? नाई बा, मले नाई जमत."

"अशी कशी वो तू!"

"म्हणून तर वांकिडीले चालली. तिच्या मायले सांगून येईन. माय फोन करनच, सांजच्या आत पोरीले समजन."