दोनच शब्द

माझी गाडी सर्व्हिसिंग होऊन मिळेपर्यंत मी शोरूममध्ये बसलो होतो. शेजारच्या टेबलाशी एक नवरा-बायको विक्रेत्याशी नव्या गाडीचा भाव करत होते.

“ही हायब्रिड आहे, मॅडम. बॅटरीवरही चालते, पेट्रोलवरही.”

“म्हणजे धड कशावरच नाही. कमी करा.”

“महाग आहे,” नवरा म्हणाला.

“बरं साहेब, दहा हजार कमी.”

“महाग आहे.”

“वर सीट कव्हर फुकट.”

“महाग आहे.”

“यांचं हे असंच असतं हो, एकदा मनातून उतरलं की उतरलं. तीस हजार कमी करा, नाहीतर आम्ही निघालो.”

“तीस नाही जमायचे, मॅडम.”

“मग राहिलं. उठा हो.”

“जशी तुमची मर्जी. तुमची गाडी दाराशी आणायला सांगतो. कुठे लावलीय, साहेब?”

“गाडी कुठली? कालच विकून टाकली. आज हीच घेऊन घरी जायचं ना, म्हणून तर हिने पाठीची उशीसुद्धा आणलीय.”

विक्रेत्याने पेनाला टोपण लावलं. बाईंनी उशीची पिशवी पायाने टेबलाखाली सरकवली.

“घरून निघताना तुम्हाला दोनच शब्द बोलायला सांगितले होते ना?”

“महाग आहे,” नवरा घाईघाईने म्हणाला.

“बसा आता खाली.”