तोतारामच्या नावानं

(जळगाव, १९२५. नाटक कंपनीचा रंगपट, संध्याकाळची वेळ. नायिकेच्या वेषात, तोंडाला रंग लावून चुडामण आरशासमोर बसलाय. दाराशी नरडाण्याहून आलेल्या भिकुबाई.)

भिकुबाई : ते तोंड पुस रे पहिले. सात वरीस व्हयनात, देखू तरी दे माले.

चुडामण : आता पुसता येणार नाही, बाई. खेळ सुरू व्हायचाय.

भिकुबाई : मायले बाई म्हनस? शेजारना गिरधरनी जाहिरात वाची दखाडी. म्हने, तोताराम नरडाणेकर, तुना आंडोर, तुना पोऱ्या, जळगावले नाटकमा गास. तशीच गाडीमा बसनू नि उनू.

चुडामण : बसा. पाणी घ्या.

भिकुबाई : पानी नको. एक कागद बी का धाडा नही? मी रोज दिवा लावू नि तुले शिव्या देऊ. म्हनू, मोठा लोकेसमा गया, मायले इसरना.

चुडामण : शिव्या... सात वर्षं?

भिकुबाई : मंग काय आरती करू? जाऊ दे. चुडामण कोठे शे? तुनासंगेच गयथा ना? त्याले ना माय ना बाप, मना चुल्हापाशी वाढना. मनाशिवाय त्याले इचारनारं कोन शे?

चुडामण : त्याचं नका विचारू.

भिकुबाई : का? काय व्हयनं त्याले? बोल ना रे!

चुडामण : भिकुमाय... मीच चुडामण शे.

भिकुबाई : मंग मना तोताराम?

चुडामण : भुसावळला अकोल्याच्या गाडीसाठी उतरलो, तर त्याला उभं राहवेना. तापाची साथ होती. फलाटावर माणसं ओळीनं निजलेली. दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. मीच अग्नी दिला.

भिकुबाई : नि माले सांगं नही.

चुडामण : त्याच्या खिशात त्याला गाणं शिकवणाऱ्या सुकदेवबुवांचं पत्र होतं, अकोल्यात मुक्कामाला असलेल्या या कंपनीच्या मालकांना लिहिलेलं. 'तोताराम गळ्याचा गोड आहे, पदरी घ्यावा.' माझ्यासाठी असं कोण लिहिणार होतं? मालकांनी विचारलं, तोताराम तूच का? मी हो म्हणालो.

भिकुबाई : नि त्याले अग्नी देताना तठे नाव काय सांगं व्हतं?

चुडामण : माझं. पत्र तेव्हाच मी काढून घेतलं होतं. भुसावळच्या दप्तरात चुडामण मेलाय.

भिकुबाई : अरे देवा.

चुडामण : मालकांनी मला धुळ्याच्या एका वकिलांकडे नेलं. वकिलांनी इंदूरला एका सरदारांच्या बैठकीत गायला बसवलं. तिथले तबलजी पुण्यात शब्द टाकून आले. एकानं दुसऱ्याकडे धाडायचं, तोताराम म्हणून. आज पार नागपूरपर्यंत माणसं ओळखतात. कुणी नवीन भेटला की हात जोडून तोतारामचं नाव सांगतो, आणि तोच माझ्या मागं येऊन उभा राहतो. वरच्या सुरावर गेलो की कानाशी त्याचा श्वास ऐकू येतो.

भिकुबाई : काही बोलस का तो?

चुडामण : नाही. नुसती धाप. भुसावळला लागली होती तशी.

भिकुबाई : मी मरी गयेल पोरले शिव्या दिन्यात रे. रोज. हाई पाप तू मनाकडथून करी लिधं.

चुडामण : आज पडदा उघडायच्या आधी सगळ्यांसमोर खरं सांगतो. मालक हाकलून देतील, देऊ देत.

भिकुबाई : नि मंग तोताराम?

चुडामण : म्हणजे?

भिकुबाई : तू सांगी दिधं, मंग त्यानं नाव कोन घेई? मी एकली. नि मी आते कितला दिन शे?

बाहेरून आवाज : तोताराम! अहो तोताराम, दुसरी घंटा झाली!

भिकुबाई : हाका मारी राह्यनात. ओ दे.